जॅझ आणि कंट्री एकाच तबकडीवर: तुमचे जुने अल्बम सांगा

सुई_अडकली:
यावर आधी धागा निघालाय का ते शोधलं, सापडला नाही, म्हणून काढतोय.

गायक-पियानोवादक रे चार्ल्स, 'मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक', 1962. ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. अ‍ॅटलांटिक या तबकडी कंपनीत नाव कमावून रे चार्ल्स एबीसी-पॅरामाउंटकडे गेला तो स्वतःच्या अटींवर. काय गायचं ते तोच ठरवणार, शिवाय मूळ ध्वनिमुद्रणांची मालकीही त्याची. मग त्याने निर्माता सिड फेलरला कंट्रीची (अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या लोकसंगीतातून आलेली) गाणी गोळा करायला सांगितली. कंपनीवाले धास्तावले, की आहे तो श्रोताही हातचा जायचा. प्रत्यक्षात अल्बम 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या यादीत 14 आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून होता.

गंमत म्हणजे गाणी कंट्रीची, पण वाद्यमेळ कंट्रीचा नाहीच. ना स्टील गिटार, ना बँजो. काही गाणी बिग बँडवर (ट्रम्पेट-सॅक्सोफोनांचा मोठा जॅझ ताफा), त्यांची मांडणी जेराल्ड विल्सन आणि गिल फुलर यांची. बाकीची व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस घेऊन, ती मार्टी पेचची. कंट्री गायक हँक विल्यम्सचं 'हे, गुड लुकिन' लावा. मूळ गाणं खेड्यातल्या पोराने पोरीला मारलेली हाक आहे. इथे तीच हाक ट्रम्पेटांची अख्खी रांग मारते.

बिग बँडची गाणी मला फार आवडतात. व्हायोलिनवाली ऐकताना मात्र आमटीत गूळ जरा सढळ हाताने पडलाय असं वाटत राहतं. आणि सगळ्यात गाजलेलं 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' नेमकं त्यातलंच. अल्बमवर ते दुसऱ्या बाजूला, शेवटून दुसरं आहे, म्हणजे त्यावर कुणाची फार भिस्त नसावी.

तर प्रश्न दोन. जॅझ आणि कंट्री एकत्र आलेले, शक्यतो जुने, तुमचे अल्बम कोणते? आणि ही सरमिसळ जमते कधी, आणि कधी नुसतीच वर काउबॉयची टोपी घातल्यासारखी होते?

उनाड_पाऊस:
टोपी म्हणालात म्हणून. 'वे आउट वेस्ट'वर खरोखरचीच टोपी आहे. भलीमोठी.

बेस_लाईन:
उनाड, बरोब्बर तेच लिहायला आलो होतो. सनी रोलिन्स, 'वे आउट वेस्ट', 1957, कंटेम्पररी रेकॉर्ड्स. मुखपृष्ठावर विल्यम क्लॅक्स्टनने वाळवंटात काढलेला फोटो: रोलिन्स, डोक्याला स्टेट्सन हॅट, कमरेला पट्टा, पिस्तुलाच्या जागी हातात टेनर सॅक्सोफोन. तेव्हा तो 26 वर्षांचा होता आणि मॅक्स रोचच्या बँडबरोबर लॉस एंजेलिसला आला होता. बेसवर रे ब्राउन, ड्रमवर शेली मॅन. तिघेही दिवसभर इतर कामांत अडकलेले, म्हणून ध्वनिमुद्रण पहाटे तीनला सुरू केलं.

पियानो नाही, गिटार नाही. सूर धरून ठेवायला कुणी नाही म्हटल्यावर सॅक्सोफोनवाल्याला मोकळं रान. 'आय अ‍ॅम अ‍ॅन ओल्ड काउहँड' सुरू होतं ते शेली मॅनच्या टापांनी. लाकडी ठोकळ्यावर टकटक, टकटक, घोडा रमतगमत चाललाय. त्यावर रोलिन्स मूळ चाल अगदी कोरडी वाजवतो, सूर तोडून तोडून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता विनोद सांगावा तशी. मग एकट्याचं वादन सुरू झालं की त्याच चालीचा एखादा तुकडा उचलतो, उलटा करतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो. हेडफोन लावून ऐका. रे ब्राउनच्या बोटांचा तारेवरचा घासही ऐकू येतो, इतकं स्वच्छ ध्वनिमुद्रण आहे.

शेवंती:
1957 म्हणजे 'नया दौर'चं साल ना? तिकडे शेली मॅन टापा वाजवत होता आणि इकडे ओ. पी. नय्यर 'माँग के साथ तुम्हारा'ला टांगा जुंपत होते.

उनाड_पाऊस:
म्हणजे रोलिन्सने दिलीपकुमारला सोबत घेतलं असतं तर पियानोची उणीव भासली नसती. हलकेच घ्या.

कानसेन:
माझी असहमती नोंदवतो. 'वे आउट वेस्ट' उत्तम जॅझ अल्बम आहे, पण त्यात कंट्री कुठाय? 'ओल्ड काउहँड' हे जॉनी मर्सरने 1936 साली एका सिनेमासाठी लिहिलेलं गाणं, बिंग क्रॉस्बीने गायलेलं. मुळात ते काउबॉयगिरीची टिंगल करणारंच आहे. हॉलीवूडने रंगवलेलं पश्चिमेचं चित्र न्यूयॉर्कच्या वादकाने वाजवलं, एवढंच. धागालेखकाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं: ही टोपीच.

बेस_लाईन:
@कानसेन, गाणं हॉलीवूडचं आहे हे मान्य. पण हार्लेममध्ये वाढलेल्या मुलाने काउबॉय बघितले ते थिएटरातच, दुसरीकडे कुठे बघणार? पुढे ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ बँडमध्ये गायलेला हर्ब जेफ्रीज तीसच्या दशकात काळ्या प्रेक्षकांसाठी निघालेल्या वेस्टर्न सिनेमांत घोड्यावर बसून गायचा. 'हार्लेम ऑन द प्रेरी', 1937. खऱ्या टेक्सासमध्येही गुरं हाकणाऱ्यांत काळे लोक भरपूर होते, ते सिनेमात दिसले नाहीत इतकंच. म्हणून तो फोटो मला गमतीचा वाटतो आणि गमतीपलीकडचाही. ती टोपी रोलिन्सच्या डोक्यावर का शोभू नये?

खडूस_आजोबा:
रोलिन्सचं नाव निघालं म्हणून राहवत नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस हा गृहस्थ मुंबईत, पवईला येऊन राहिला होता. स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने योग आणि वेदान्त शिकत होता. तेव्हाची पवई म्हणजे तलाव आणि झाडी, आताचे टॉवर डोळ्यापुढे आणू नका. पुढे 1978 ला पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा तो धोबी तलावच्या रंगभवनात वाजवायला आला. आम्ही पोरंसोरं मागच्या बाजूला होतो. शेजारी बसलेल्या पारशी आजी पायाने ताल धरून होत्या आणि आमच्यातलं कुणी बोललं की चापटी मारत होत्या.

तुमचा तो टोपीवाला अल्बम मात्र मी नंतर ऐकला. आवडला. घोडा जरा कमी चालला असता तरी चाललं असतं.

टेक्सासकर:
ऑस्टिनहून लिहितोय, त्यामुळे इथे तोंड उघडणं भागच आहे. :)

धाग्याचा सूर असा दिसतोय की जॅझ आणि कंट्री दोन वेगळी घराणी होती आणि मग कुणी धाडसी माणसांनी सोयरीक जुळवली. इथल्या डान्स हॉलांचा इतिहास बघितला तर चित्र उलटं दिसतं. बॉब विल्स घ्या. टेक्सास प्लेबॉईज हा त्याचा बँड 1934 नंतर ओक्लाहोमातल्या तल्साला केव्हीओओ रेडिओवर वाजवायचा, केन्स बॉलरूममध्ये लोक नाचायचे. फिडल (म्हणजे लोकसंगीताच्या ढंगात वाजवलेलं व्हायोलिन) आणि स्टील गिटारच्या शेजारी ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम. स्वतः विल्स फिडलर घराण्यातला, पण तरुणपणी ब्लूज गायिका बेसी स्मिथला ऐकायला 50 मैल घोड्यावरून गेलो होतो असं सांगायचा. वेस्टर्न स्विंग म्हणतात ते हे. 'सॅन अँटोनियो रोझ' सगळ्यांना माहीत असतं. मी सांगेन 'टिफनी ट्रान्स्क्रिप्शन्स' ऐका. 1946-47 मध्ये रेडिओ स्टेशनांना पुरवण्यासाठी केलेली ध्वनिमुद्रणं, पुढे कित्येक वर्षांनी तबकड्यांवर आली. बाजारात विकायच्या तबकडीचं दडपण नाही, त्यामुळे वादक सुटलेत. एलिंग्टनच्या बँडचं 'टेक द ए ट्रेन' मँडोलिन आणि स्टील गिटारवर ऐकलंय का कधी? आणि मध्येच विल्स स्वतः 'आ-हा!' करून किंचाळतो, वादकाचं नाव घेऊन त्याला डिवचतो.

वेगळं केलं ते तबकडी कंपन्यांनी. विसाच्या दशकात कोलंबियाने काळ्या कलाकारांसाठी 14000 ची क्रमांक-मालिका ठेवली आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या गाण्यांसाठी 15000 ची. तोच ब्लूज एकाने गायला तर या यादीत, दुसऱ्याने गायला तर त्या. बिलबोर्डच्या याद्यांवरची जुनी नावं 1949 ला बदलली, 'रिदम अँड ब्लूज' आणि 'कंट्री अँड वेस्टर्न' आली, पण कप्पे तसेच राहिले. रे चार्ल्सने 1962 ला केलं ते धाडस खरंच. पण ते धाडस दुकानातल्या कप्प्यांशी होतं. पोरवयात फ्लोरिडात तो 'फ्लोरिडा प्लेबॉईज' नावाच्या गोऱ्या कंट्री बँडमध्ये पियानो वाजवून आलेला होता.

शेवंती:
@टेक्सासकर, वाचनखूण साठवली. याला जोड म्हणून: 'ब्लू योडेल नंबर 9', जुलै 1930. कंट्रीचा आद्य गायक जिमी रॉजर्स, ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग, पियानोवर लिल हार्डिन आर्मस्ट्राँग. तबकडीवर आर्मस्ट्राँगचं नाव छापलेलं नव्हतं! आणि 1970 ला जॉनी कॅशच्या टीव्ही कार्यक्रमात आर्मस्ट्राँगने तेच गाणं कॅशबरोबर पुन्हा वाजवलं. पुढच्या वर्षी आर्मस्ट्राँग गेला.

तीनताल:
बारकाईने वाचतोय. मी मुळात शास्त्रीयचा माणूस, जॅझ ऐकतो ते त्यातल्या उपजेसाठी. म्हणून एक बाळबोध शंका. एखाद्या कंट्री गायकाने जॅझची जुनी गाणी गायली की तो अल्बम 'जॅझ-कंट्री' होतो का? उदाहरणार्थ विली नेल्सनचा 'स्टारडस्ट'. लोक याची नेहमी शिफारस करतात. ऐकला. छान आहे, संध्याकाळी बरा वाटतो. पण जॅझ कुठे आहे?

शेवंती:
@तीनताल, उपज तानांमध्येच शोधलीत तर नाही सापडणार.

'स्टारडस्ट', 1978. मेम्फिस सोलमधला बुकर टी. जोन्स निर्माता. कोलंबियाला वाटत होतं की दाढी-वेण्या वाढवलेल्या, 'आउटलॉ' म्हणून विकल्या जाणाऱ्या माणसाने आजीच्या काळची गाणी गाऊ नयेत. तो अल्बम दहा वर्षं कंट्रीच्या यादीत राहिला.

आता फक्त त्यातलं 'जॉर्जिया ऑन माय माइंड' घ्या. ओळ कुठे सुरू करतो बघा. ताल पुढे निघून जातो, हा मागे रेंगाळतो, आता चुकणार असं वाटेपर्यंत थांबतो, आणि मग तीन शब्द पटकन टाकून समेवर हजर. दुसऱ्या कडव्यात तीच ओळ तो त्याच जागी सुरू करत नाही. याला तुमच्याकडे काय म्हणतात ते तुम्हीच सांगा. शिवाय ती गिटार. 'ट्रिगर' नाव दिलेली, नायलॉनच्या तारांची मार्टिन, वाजवून वाजवून पोटाला भोक पडलेली. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट हे नेल्सनचं दैवत, ते लगेच ऐकू येतं.

तीनताल:
लयकारी आहे, कबूल. उद्या पुन्हा लावतो. पण विस्तार नाही, या मतावर ठाम.

कानसेन:
तीनताल यांना +१. 2008 ला विली नेल्सन आणि जॅझ ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस एकत्र बसले, 'टू मेन विथ द ब्लूज', ब्लू नोट. तिथे फरक कळतो. मार्सालिसचा बँड मागे असला की नेल्सनची गिटार चाचपडते, आणि त्या चाचपडण्यातच मजा येते. 'स्टारडस्ट'मध्ये सगळं आधी इस्त्री करून ठेवलंय.

मडगांवकार:
देव बरें करूं. उशिरा आलों, पण गोंयकाराला सोडून जॅझचा धागा पुरा होत नाही म्हणून लिहितो.

माझे मामा मुंबईला सॅक्सोफोन वाजवायचे. रात्री हॉटेलात फॉक्सट्रॉट आणि स्विंग, सकाळी स्टुडिओत सिनेमाचं रेकॉर्डिंग, रविवारी कुणाच्या तरी लग्नात वॉल्ट्झ आणि मांडो. नोटेशन समोर आलं की वाजवायचं, वर नाव काय लिहिलंय ते कोण बघतो? अल्दोनाचा चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शाविएर वाझ, त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सी. रामचंद्रांबरोबर (म्हणजे अण्णा चितळकरांबरोबर) त्याने काम केलं, 'अलबेला'च्या 'शोला जो भडके'मध्ये तो बँडसकट पडद्यावर दिसतो. पुणतांब्याचे अण्णा चितळकर आणि अल्दोन्याचा वाझ! जाणकारांनी ते गाणं पुन्हा ऐकावं.

आता कंट्री. आमच्याकडे कंट्री म्हणजे एकच माणूस, जिम रीव्हज. ख्रिसमसला तो, लग्नाच्या पंचविशीला तो, आणि आजीच्या खोलीत बाराही महिने तो. मामांना अजिबात आवडायचा नाही. म्हणायचे, याला झोप आलीय. पण तेच मामा रीव्हजच्या तबकडीवरचा गिटारवाला आणि पियानोवाला ऐकायला थांबायचे.

आणि इथे सुई_अडकली यांच्या गुळाच्या तक्रारीला उत्तर आहे. रीव्हजच्या तबकड्यांचा निर्माता चेट अ‍ॅटकिन्स. पन्नासच्या दशकाच्या शेवटी रॉक अँड रोलने कंट्रीचं गिऱ्हाईक पळवलं, तेव्हा त्याने आणि ओवेन ब्रॅडलीने नॅशव्हिलला फिडल आणि स्टील बाजूला ठेवून व्हायोलिनं आणि कोरस आणला. 'नॅशव्हिल साउंड'. म्हणजे 1962 ला रेडिओवरची कंट्री तशीच वाजत होती! रे चार्ल्सच्या अल्बममधली व्हायोलिनं कंट्री पातळ करायला आलेली नाहीत. त्या वेळची कंट्री तीच. जॅझ त्याच्या बिग बँडच्या गाण्यांत आहे आणि कंट्री या गुळात.

सुई_अडकली:
@मडगांवकार, हे पटलं. कारण कळलं, चव मात्र तीच. :)

'यू डोन्ट नो मी' त्याला अपवाद, हे मूळ धाग्यात लिहायचं राहिलं. सिंडी वॉकर आणि एडी आर्नल्ड यांचं गाणं. मनातलं कधीच न बोललेला माणूस, ती हात हातात घेऊन 'हॅलो' म्हणते आणि निघून जाते. तिथे रे चार्ल्स व्हायोलिनांच्या इतका मागे राहून गातो की ती जणू त्याच्यासाठी थांबलीयेत.

रुखवत:
मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. नोरा जोन्स चालेल का? :(

तीनताल:
चालेल की. पण ते जॅझ नाही.

कानसेन:
कंट्रीही नाही.

उनाड_पाऊस:
मग ती गातेय काय, भूपाळी?

शेवंती:
अरे, बिचाऱ्या नव्या माणसाला घाबरवू नका रे. @रुखवत, 'कम अवे विथ मी', 2002, ब्लू नोट. जरूर ऐका. त्यात हँक विल्यम्सचं 'कोल्ड, कोल्ड हार्ट' आहे. आणि ज्यांना वाटतं की हँकच्या गाण्याला तिने जॅझचे कपडे घातले, त्यांच्यासाठी: ते गाणं आलं त्याच वर्षी, 1951 ला, टोनी बेनेट आणि लुई आर्मस्ट्राँग दोघांनीही गायलं होतं. पन्नास वर्षांची वहिवाट आहे ही.

कानसेन:
पंडित रविशंकरांची मुलगी नसती तर इथे तिचं नाव निघालं असतं का, हा प्रश्न उरतोच.

टेक्सासकर:
निघालं असतं. ती आईबरोबर टेक्सासमध्ये वाढली, विली नेल्सन ऐकत. इथे तिच्या वडिलांची ओळख न देताही लोक तिला आपलीच समजतात. बाकी त्या अल्बमने जमवलेली ग्रॅमीची रास वडिलांच्या नावावर मिळत नसते.

संपादक_मंडळ:
नोरा जोन्सवर स्वतंत्र धागा आहे. कृपया मूळ विषयाकडे यावे.

खडूस_आजोबा:
अवांतरच करायचं तर निदान उपयोगी करा. स्टील गिटार, स्टील गिटार म्हणताय, ती मूळची हवाई बेटांची. गिटार मांडीवर आडवी, तारांवर पोलादी पट्टी सरकवायची. तिथून ती अमेरिकेत जाऊन कंट्रीत शिरली, आणि तिथूनच इकडे आली. टाउ मो आणि त्याचं कुटुंब चाळीसच्या दशकात कलकत्त्यात राहून ती वाजवायचं आणि शिकवायचं. आमच्या लहानपणी मध्यमवर्गीय घरात मुलीला पेटी नाहीतर 'हवाईयन गिटार' शिकवायचे. व्हॅन शिपलीच्या तबकड्यांवर सिनेमाची गाणी असायची, रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधली रिकामी जागा त्यांनीच भरायची. ब्रिजभूषण काब्रांनी त्याच गिटारवर राग वाजवला, 1967 चा 'कॉल ऑफ द व्हॅली' सगळ्यांच्या घरी असेल. शिवकुमार आणि हरिप्रसाद आठवतात, तिसरं नाव विसरतात.

तेव्हा कंट्री परकी वाटत असेल तर तिचं निम्मं वाद्य तुमच्या मावशीकडे माळ्यावर पडलंय.

मडगांवकार:
आजोबा, हें एकदम बरोबर सांगितलेंत.

बेस_लाईन:
आजोबांनी वाट करून दिली म्हणून माझे दोन.

पहिला, बडी एमन्स, 'स्टील गिटार जॅझ', 1963. नॅशव्हिलचा पेडल स्टीलवाला न्यूयॉर्कला जातो आणि जॅझच्या पक्क्या वादकांबरोबर बसतो: सॅक्सोफोनवर जेरोम रिचर्डसन, पियानोवर बॉबी स्कॉट, बेसवर आर्ट डेव्हिस, ड्रमवर चार्ली पर्सिप. त्यात रोलिन्सचं 'ओलिओ' आहे. पेडल स्टीलवर एवढ्या वेगात बीबॉप (जॅझचा वेगवान, गुंतागुंतीचा प्रकार) म्हणजे काय ते वाजवणाऱ्याला विचारा. उजव्या हाताच्या तीन बोटांत नखोळ्या, डाव्या हातात लोखंडाची कांडी, दोन्ही पाय पेडलांवर, गुडघे खालच्या दांड्यांवर. स्वर सरकवण्यासाठी बनलेलं वाद्य, आणि इथे प्रत्येक स्वर सुटा, ठाशीव यायला हवा. एमन्सचा येतो.

दुसरा, हँक गारलंड, 'जॅझ विंड्स फ्रॉम अ न्यू डायरेक्शन', 1961. एल्व्हिससाठी वाजवणारा नॅशव्हिलचा स्टुडिओ गिटारवादक. ड्रमवर डेव्ह ब्रुबेकचा जो मोरेलो, बेसवर जो बेंजामिन आणि व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) 17 वर्षांचा गॅरी बर्टन. अल्बम आला त्याच वर्षी गारलंडला मोटार अपघात झाला आणि तो हात पुन्हा तसा चालला नाही.

शेवंती:
आणि तोच गॅरी बर्टन 1967 ला 'टेनेसी फायरबर्ड' घेऊन आला! ड्रमवर रॉय हेन्स, बेसवर स्टीव्ह स्वॅलो, समोर चेट अ‍ॅटकिन्स, हार्मोनिकावर चार्ली मॅकॉय, स्टीलवर बडी एमन्स. कागदावर याहून भारी काही दिसत नाही. ऐकताना मात्र मला दोन बँड शेजारशेजारच्या खोल्यांत वाजवतायत आणि मधलं दार उघडं राहिलंय असं वाटतं. आवडता अल्बम, तरीही.

कानसेन:
बघा, म्हणजे नामवंत वादक आणून भागत नाही. हेच मी म्हणत होतो.

बेस_लाईन:
@कानसेन, मग भागतं कशाने? हा धागालेखकाचा दुसरा प्रश्न होता आणि आपण चार पानं टोप्या मोजतोय.

माझं मत सांगतो. जमतं तेव्हा ताल धरणारे लोक दोन्हीकडचे नाच वाजवून आलेले असतात. वर गाणारा किंवा सॅक्सोफोनवाला काहीही करू दे. 'ब्लू योडेल नंबर 9' पुन्हा ऐका. जिमी रॉजर्स एकटा गिटार घेऊन गाणारा माणूस, ब्लूजचे चार-चार मात्रांचे बारा खण मोजायची सवयच नाही. एखाद्या ओळीनंतर जास्तीचा थांबतो, कुठे लवकर पुढे जातो. लिल आर्मस्ट्राँग काय करते? त्याला ओढून रांगेत आणत नाही. पियानोवर दोन ठोके थांबते, तो वळला की वळते. लुई त्या वेड्यावाकड्या फटींमध्ये ट्रम्पेटचे तुकडे बसवतो. 'फायरबर्ड'मध्ये रॉय हेन्ससारखा ड्रमर आहे, पण तो आपलंच वाजवतो, आणि का वाजवू नये? तिथे कुणी कुणासाठी थांबत नाही.

टेक्सासकर:
@बेस_लाईन, अनुमोदन. ऑस्टिनच्या ब्रोकन स्पोकमध्ये शनिवारी रात्री गेलात तर हेच दिसतं. 1964 पासूनचा डान्स हॉल, छत इतकं बुटकं की उंच माणसाची हॅट धोक्यात. वाजवणारे कॉलेजात जॅझ शिकलेले असतात. पण समोर सत्तरीचं जोडपं टू-स्टेप नाचत असतं. तिथे गिटारवाल्याने कितीही अवघड सूर घेतले तरी म्हाताऱ्याचं पाऊल चुकलेलं चालत नाही. पाऊल चुकलं की तो सरळ स्टेजकडे बघतो.

तीनताल:
मग ज्यावर कुणी नाचत नाही त्या संगीताचं काय? 

शेवंती:
त्यासाठीच माझा शेवटचा. जुना म्हणावा की नाही माहीत नाही, 1997 चा आहे. चार्ली हेडन आणि पॅट मेथेनी, 'बियाँड द मिसूरी स्काय'. मुख्यतः बेस आणि गिटार. ताल धरणारा कुणी नाहीच, नाच तर दूरची गोष्ट.

हेडन म्हणजे ऑर्नेट कोलमनचा बेसवादक, फ्री जॅझवाला, ज्याला ऐकून लोक उठून जायचे. पण लहानपणी तो आईवडील-भावंडांबरोबर 'हेडन फॅमिली' म्हणून रेडिओवर कंट्री गायचा, 'काउबॉय चार्ली' नावाने. पंधराव्या वर्षी पोलिओने आवाज गेला आणि तो बेसकडे वळला. या अल्बममध्ये रॉय एकफचं 'द प्रेशस ज्युएल' आहे. हेडन त्यावर काही करामत करत नाही. चालीखाली एकेक जाड स्वर ठेवत जातो, आणि मेथेनी वर गिटारींचे थर चढवतो. 

@तीनताल, विस्तार हवा असेल तर 'स्पिरिच्युअल' ऐका. हेडनच्या मुलाची रचना. आठेक मिनिटं तेच वळण, दर वेळी थोडं पुढे.

कानसेन:
बेस_लाईनचा सिद्धान्त इथे कोसळला. तालवाला नाहीये आणि तरी जमलंय.

बेस_लाईन:
कोसळला कुठे? हेडनच तालवाला आहे. आणि तो दोन्हीकडचं वाजवून आलाय, हे शेवंतीताईंनी आत्ताच लिहिलं.

कानसेन:
सोयीचा सिद्धान्त आहे. कुठेही बसतो.

रुखवत:
नोरा जोन्स, 'स्टारडस्ट' आणि 'वे आउट वेस्ट' ऐकून झाले. 'वे आउट वेस्ट' सगळ्यात आवडला. घरच्यांनी विचारलं घोडा कुठून आला. पुढचा कोणता ऐकू?

टेक्सासकर:
टिफनी ट्रान्स्क्रिप्शन्स.

मडगांवकार:
रे चार्ल्स. आणि मध्ये मध्ये 'शोला जो भडके'.

कानसेन:
नेल्सन-मार्सालिस. 'स्टारडस्ट' आवडला असेल तर आधी तो विसरा.

सुई_अडकली:
@रुखवत, कुणाचंही ऐकू नका, बडी एमन्स लावा. बेस_लाईन यांच्या प्रतिसादानंतर मी तोच शोधतोय. मूळ तबकडी कुणाच्या पाहण्यात आली आहे का? मुंबईत किंवा पुण्यात?

खडूस_आजोबा:
चोरबाजारात बघा, मटण स्ट्रीटवर. शुक्रवारी पहाटे जा. जिम रीव्हज ढिगाने मिळेल, एमन्स मिळणार नाही. मिळाला तर आधी मला फोन करायचा.